कॅनडातील मराठी मंडळांना खुले पत्र: आपण घेतलेली शपथ आणि इनुइट मुलांची शाळा

प्रति,
कॅनडातील मराठी मंडळांचे पदाधिकारी व सभासद, आणि मराठी शाळा चालवणारे सर्व शिक्षक

विषय: इनुइट समाजाचा स्वभाषेतील शिक्षणाचा हक्क आणि त्याबाबत आपली जबाबदारी

सस्नेह नमस्कार.

आपल्यापैकी ज्यांनी जून २०२१ नंतर कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारले, त्यांच्या शपथेत एक नवे वचन आले आहे. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेल्या करारांतून आलेले हक्क ज्या राज्यघटनेने मान्य केले आहेत, ती राज्यघटना आपण निष्ठेने पाळू, असे आपण म्हणालो. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी ही शेवटची शिफारस होती. त्याआधी नागरिक झालेल्यांवर आणि इथेच जन्मलेल्या आपल्या मुलांवरही हे बंधन तेवढेच आहे, कारण १९८२ च्या राज्यघटनेतील ३५ वे कलम कोणी कोणत्या वर्षी शपथ घेतली हे विचारत नाही. या वचनातला इनुइट समाजापुरता भाग काय आहे आणि तो आज कुठे अडला आहे, हे आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की ते आपल्या घरांत आणि मंडळांच्या सभांत वाचले जावे.

इनुइट समाजाची कॅनडातील मायभूमी, म्हणजे इनुइट नुनांगात, चार प्रदेशांची आहे: पश्चिमेला इनुविआलुइत, मध्यभागी आणि पूर्वेला नुनावुत, क्युबेकच्या उत्तरेला नुनाविक आणि लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर नुनात्सियावुत. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे देशभरात इनुइट सुमारे ७० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. पण त्यांच्या ५१ वस्त्या ज्या भूभागावर पसरल्या आहेत तो कॅनडाच्या एक तृतीयांशाहून मोठा आहे. चारही प्रदेशांनी गेल्या पन्नास वर्षांत केंद्र सरकारशी स्वतंत्र करार केले. नुनाविकचा १९७५ मध्ये झाला, इनुविआलुइतांचा १९८४ मध्ये, नुनावुतचा १९९३ मध्ये आणि नुनात्सियावुतचा २००५ मध्ये. हे करार राज्यघटनेच्या संरक्षणाखाली येतात. ते एखाद्या मंत्र्याने मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत, दोन पक्षांनी देवाणघेवाण करून सह्या केलेले ते व्यवहार आहेत.

यातला नुनावुतचा व्यवहार जरा नीट पाहावा अशी माझी विनंती आहे, कारण आपल्यातल्या अनेक सुशिक्षित मंडळींनाही तो ठाऊक नसतो. २५ मे १९९३ रोजी इकालुइतमध्ये या करारावर सह्या झाल्या. इनुइटांनी आपल्या पूर्वापार जमिनीवरील मूळ मालकीचा दावा सोडला. त्या बदल्यात सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी, चौदा वर्षांत मिळून १.१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आणि स्वतःच्या बहुसंख्येचा एक नवा प्रदेश त्यांना मिळायचा होता. १ एप्रिल १९९९ रोजी तो प्रदेश अस्तित्वात आला. तिथल्या विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच प्रमुख आणि मंत्री निवडतात आणि चर्चेतून मतैक्य साधून कारभार चालवतात. कराराच्या २३ व्या कलमाने आणखी एक वचन दिले: सरकारी नोकऱ्यांत, प्रत्येक स्तरावर, इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाएवढे, म्हणजे सुमारे ८५ टक्के असेल.

आज ते प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळते आहे, आणि वरच्या पदांवर त्याहूनही कमी आहे. असे का, याचा शोध घेण्यासाठी नेमलेले न्यायमूर्ती टॉमस बर्जर यांनी २००६ च्या अहवालात बोट ठेवले ते शाळेवर. मुले पहिली काही वर्षे इनुक्तुतमध्ये, म्हणजे इनुइटांच्या स्वतःच्या भाषेत, शिकतात, चौथीच्या सुमारास अचानक सगळे इंग्रजीत सुरू होते, आणि मग दोन्ही भाषा अर्ध्याच येतात. तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा मुले बारावी पूर्ण करत होती. जी मुले शाळाच पूर्ण करत नाहीत ती पुढे शिक्षक, लेखापाल, परिचारिका, सचिव होणार कशी? आणि इनुइट शिक्षकच तयार झाले नाहीत तर वरच्या वर्गांत इनुक्तुत शिकवणार कोण? हे चक्र बर्जर यांनी वीस वर्षांपूर्वी स्पष्ट दाखवले होते आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्गही सांगितला होता: पहिलीपासून शेवटपर्यंत दोन्ही भाषांत सशक्त शिक्षण आणि त्यासाठी केंद्राचा भरघोस पैसा.

नुनावुतने त्याप्रमाणे पाऊल उचलले होते. २००८ मध्ये इनुइट भाषा संरक्षण कायदा आणि नवा शिक्षण कायदा झाला, आणि २०१९-२० पर्यंत सर्व इयत्तांत द्विभाषिक शिक्षण देण्याचे ठरले. ती मुदत आली आणि गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये विधानसभेने कायदा बदलून वेळापत्रक २०३९ पर्यंत लांबवले, आणि तेही प्रामुख्याने इनुक्तुत हा भाषाविषय शिकवण्यापुरते. गणित, विज्ञान, इतिहास त्या भाषेत शिकवण्याचे बंधन त्यात तसे उरले नाही. ज्या वर्षी ही दुरुस्ती झाली त्या वर्षी जन्मलेले मूल २०३९ मध्ये एकोणीस वर्षांचे झालेले असेल. एक अख्खी पिढी शाळेत जाऊन बाहेर पडेल, एवढा हा काळ आहे. दरम्यान भाषा थांबून राहत नाही. नुनावुतमध्ये इनुक्तुत मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण २००१ मध्ये ७२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ६५ टक्क्यांवर आले.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये इनुइट करारधारकांची प्रातिनिधिक संस्था नुनावुत तुंगाविक इन्कॉर्पोरेटेड हिने याविरुद्ध नुनावुत सरकारवरच दावा दाखल केला. इनुइटांची संस्था आणि इनुइटांनी निवडून दिलेले सरकार कोर्टात समोरासमोर उभे, हे बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटते, आणि "आता भांडण त्यांचे त्यांच्यात आहे" असे म्हणून हात झटकणे सोपे जाते. ते तसे नाही. नुनावुतचे सरकार सर्व रहिवाशांचे सार्वजनिक सरकार आहे आणि त्याच्या तिजोरीतला बहुतेक पैसा ओटावाहून येतो. शिक्षक घडवायला, पाठ्यपुस्तके तयार करायला, दूरच्या वस्तीत शिक्षकांसाठी घर बांधायला लागणारी रक्कम ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडेच शेवटी बोट जाते. म्हणूनच हे पत्र आपल्याला, म्हणजे त्या ओटावातल्या सरकारच्या मतदारांना आहे.

केंद्राकडे पैसा नाही असेही नाही. १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील २३ व्या कलमाने इंग्रजी आणि फ्रेंच अल्पसंख्याकांना आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याप्रमाणे इकालुइतमध्ये फ्रेंच शाळा चालते, तिचे स्वतंत्र शाळामंडळ आहे. नुनावुतमधील फ्रेंच भाषक अवघे काही शे आहेत. तुंगाविक संस्थेने २०१५-१६ च्या निधीचा जो हिशोब पुढे ठेवला होता, त्यात केंद्राचा खर्च फ्रेंच भाषकांवर माणशी आठ हजार डॉलरच्या वर आणि इनुक्तुत भाषकांवर माणशी दोनशे डॉलरच्याही आत होता. फ्रेंच मुलांच्या शाळेला माझा मुळीच विरोध नाही, ती असलीच पाहिजे. माझा प्रश्न असा आहे की ज्या भूमीवर इनुक्तुत ही बहुसंख्यांची भाषा आहे, तिथल्या मुलाला आपल्या भाषेत बारावीपर्यंत शिकण्याचा तेवढाच पक्का हक्क का नसावा. २०१९ चा मूलनिवासी भाषा कायदा ही तफावत दूर करेल असे वाटले होते. परंतु कायदा झाला तेव्हाच इनुइट तापिरीत कनातामी या राष्ट्रीय संस्थेने खेदाने सांगितले की इनुक्तुतसाठी आम्ही मागितलेले काहीच त्यात आले नाही.

या मागणीमागे किती दुखरा इतिहास आहे तेही सांगायला हवे. इनुइटांमध्ये आडनावे नव्हती. नुकत्याच वारलेल्या आप्ताचे नाव नव्या बाळाला ठेवले जाई आणि त्या नावाबरोबर नातेही येई. आजोबांचे नाव मिळालेल्या मुलीला तिची आई प्रेमाने "बाबा" म्हणू शकत असे. आजोबांचे नाव नातवाला देणाऱ्या आपल्या समाजाला यातली माया कळायला अडचण पडू नये. सरकारी कारकुनांना मात्र ही नावे लिहिता येईनात आणि लक्षात राहीनात. म्हणून १९४० च्या दशकापासून प्रत्येक इनुइट माणसाला एक क्रमांक दिला गेला. तो क्रमांक कोरलेली, नाण्यापेक्षा थोडी मोठी, गोल चकती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी ई, पश्चिमेकडच्यांच्या आधी डब्ल्यू. दवाखान्यात, दुकानात, शाळेच्या हजेरीत माणसाची ओळख ती चकती. १९६८ नंतर एब ओकपिक हे इनुइट गृहस्थ वस्त्या-वस्त्यांतून फिरले, लोकांना आडनावे निवडायला सांगून त्यांची नोंद केली, तेव्हा कुठे त्या चकत्या गेल्या.

त्याच काळात मुलांना निवासी शाळांत नेले जात होते. आजच्या नुनावुतमधील चेस्टरफील्ड इनलेटच्या वसतिगृहात १९५५ ते १९६९ या काळात शेकडो मैलांवरून आणलेली मुले राहिली. त्यांच्यावर अत्याचार झाले, आणि घरी परतल्यावर आईवडिलांशी धड बोलता येईना, शिकारीला जाता येईना. २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली, पण लॅब्राडॉरच्या मुलांना त्यातून वगळले गेले. त्यांची माफी मागायला २०१७ साल उजाडावे लागले. माफी मागणे आवश्यक होते. पण शाळेने जे हिरावून घेतले ते परत देण्याची जागाही शाळाच आहे, आणि तिथे २०३९ ची तारीख दाखवली जाते.

आपल्या बैठकांत हा विषय काढला की एक आक्षेप हमखास येतो. तो मी अनेकदा ऐकला आहे आणि तो दुष्ट हेतूने घेतला जात नाही. "आपल्या मुलांनाही शाळेत मराठी कुठे शिकवतात? आपण शनिवार-रविवारी स्वतः वर्ग चालवतोच ना? मग त्यांनीही तसेच करावे." आपल्या मराठी शाळांच्या शिक्षकांच्या कष्टांबद्दल मला अतिशय आदर आहे, म्हणूनच याचे उत्तर स्पष्टपणे देतो. आपण या देशात आलो ते आपल्या मर्जीने, इंग्रजी-फ्रेंचमध्ये जगायची तयारी ठेवून. मराठी बोलणारे भारतात आठ कोटींच्या वर आहेत. त्यांच्या शाळा, वृत्तपत्रे, विद्यापीठे, एक अख्खे राज्य आहे. ब्रॅम्प्टनमधल्या आपल्या नातवाचे मराठी तुटले तर आपल्या काळजाला घरे पडतील, पण मराठी संपणार नाही. कॅनडात इनुक्तुत बोलू शकणारे सुमारे ४० हजार आहेत आणि नुनावुतमधल्या पांगनिर्तुंग गावच्या मुलीची भाषा तिच्या घरात, तिच्या शाळेत टिकली नाही तर ती दुसरीकडून आणता येणार नाही. ग्रीनलंडमध्ये तिची सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा आहे हे खरे, आणि ते उदाहरण तर आपल्या सरकारला विचारात पाडणारे आहे: तिथे १९७९ मध्ये स्वराज्य आले, २००९ मध्ये त्याचे अधिकार वाढले, कलाल्लिसुत ही एकमेव अधिकृत भाषा ठरली आणि नूकमध्ये विद्यापीठही चालते. शिवाय आपण या देशाशी कोणताही करार केलेला नाही. इनुइटांनी केला आहे, आणि त्यात आपल्या वाटणीची किंमत त्यांनी आधीच चुकती केली आहे.

संधी मिळाली तेव्हा इनुइटांनी शिक्षण कसे चालवून दाखवले, याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. नुनाविकमध्ये १९७५ च्या करारानुसार स्वतःचे शाळामंडळ उभे राहिले आणि १९७८ पासून ते चौदा गावांच्या शाळा चालवते. आता त्याचे नाव कातिविक इलिसार्निलिरिनिक आहे. तिथे मुलाची सुरुवातीची वर्षे इनुक्तितुतमध्ये, म्हणजे इनुक्तुतच्या तिथल्या बोलीत, जातात आणि पुढे पालक इंग्रजी किंवा फ्रेंच निवडतात. ही व्यवस्था अपुरी आहे, मधला बदल मुलांना अजून जड जातो. तरी अभ्यासक्रम ठरवणारे आणि शिक्षक घडवणारे लोक गावातलेच आहेत, हा फरक लहान नाही. नुनावुतच्या मुलांसाठी ओटावात १९८५ पासून चालणारा नुनावुत सिवुनिक्साव्हुत हा अभ्यासक्रम तर आपल्यातल्या ओटावाकरांच्या अगदी दाराशी आहे. शाळा संपवलेली मुले तिथे येऊन आपल्याच समाजाचा इतिहास, आपल्याच कराराची कलमे आणि आपली ढोलाची व कंठगायनाची परंपरा शिकतात. अनेक मुलांना आपल्या आजी-आजोबांच्या गळ्यातल्या चकतीविषयी पहिल्यांदा तिथेच सविस्तर कळते.

अलास्कामधल्या काकतोविक गावाचे उदाहरण मला विशेष प्रिय आहे. तिथले इन्युपिआक लोक, म्हणजे इनुइटांचेच अलास्कातले भाऊबंद, वीसच्या पटीत मोजतात, हाताची पाच बोटे हा त्यातला टप्पा. १९९४ मध्ये तिथल्या शाळेतील मुलांच्या लक्षात आले की आपण मोजतो एका रीतीने आणि लिहितो ते दहाच्या पटीतले अंक दुसऱ्याच रीतीचे. शिक्षकांच्या मदतीने त्यांनी स्वतःचे वीस अंक तयार केले: उभ्या रेघा एकेक मोजायला, वर आडव्या रेघा पाचांसाठी. या अंकांत दोन संख्यांची बेरीज करताना पुष्कळदा रेघा नुसत्या शेजारी मांडल्या की उत्तर डोळ्यांसमोर उभे राहते, भागाकारही आकृतीत दिसतो. मुलांची गणितातली गती वाढली, गावातली वडीलधारी माणसेही ते अंक शिकली, आणि २०२२ मध्ये ते युनिकोडमध्ये आले, म्हणजे आज आपल्या फोनवरही ते उमटू शकतात. स्वतःच्या भाषेत विचार करायची मोकळीक मिळालेल्या शाळकरी मुलांनी हे केले.

आणि भाषेशिवाय जे ज्ञान पुढे जाऊच शकत नाही त्याचेही एक उदाहरण देतो. सीलच्या कातड्याचा कामिक हा बूट शिवणारी आजी आधी उलु या अर्धचंद्राकृती सुरीने कातड्याची चरबी खरवडते, कातडे ताणून वाळवते, पायाचे माप कागदावर न घेता वितीने आणि नजरेने घेते. तळव्याचा टाका घालताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नसते. ती जाडीच्या निम्म्यातून वळवून परत वर आणायची, म्हणजे छिद्र आतपर्यंत पोहोचत नाही आणि बुटात पाणी शिरत नाही. बर्फावर ओला झालेला पाय म्हणजे जिवाशी गाठ, त्यामुळे हा टाका चुकवून चालत नाही. कातडे किती ओले असावे, दोरा किती ओढावा, सुई कुठे थांबवावी, हे आजी शिवता शिवता बोलत जाते, नातीचा हात धरून सुधारत जाते. नातीला तिचे बोलणे कळत नसेल तर ती फक्त बघत राहील. इनुइट समाजाच्या जीवनमूल्यांवर शाळा उभी करायची असे नुनावुतच्या शिक्षण कायद्यातच लिहिलेले आहे, आणि वडीलधाऱ्यांना वर्गात शिकवण्यासाठी रीतसर मान्यता देण्याची सोयही आहे. पण वरच्या इयत्तांत वर्षानुवर्षे अल्बर्टाचा अभ्यासक्रम आणि अल्बर्टाच्याच परीक्षा चालत आल्या, तेव्हा आजींचा तास वेळापत्रकाच्या कडेला राहतो.

आता कामाचे बोलतो. नुनावुतच्या जमिनी आणि खनिजांचा कारभार केंद्राकडून प्रदेशाकडे देण्याच्या करारावर १८ जानेवारी २०२४ रोजी सह्या झाल्या, आणि १ एप्रिल २०२७ पर्यंत ते हस्तांतर व्हायचे आहे. दुसरीकडे, इनुइट तापिरीत कनातामीने नुनावुतमधील आर्विआत येथे इनुइट नुनांगात विद्यापीठाचे मुख्य संकुल उभारायचे ठरवले आहे आणि २०३० मध्ये ते सुरू करण्याचा त्यांचा बेत आहे. जमिनीचा कारभार हाती येतो आहे, विद्यापीठ उभे राहते आहे. या दोहोंच्या मधली बालवाडी ते बारावी ही वाट मात्र अपुऱ्या पैशाअभावी खचलेली आहे. ती बांधून काढण्यासाठी केंद्राने इनुक्तुत शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आणि पाठ्यसामग्रीला, फ्रेंच शिक्षणाला मिळतो त्या तोडीचा, कायद्याने बांधलेला निधी द्यावा, अशी मागणी प्रत्येक मंडळाने आपल्या मतदारसंघातील खासदाराकडे लेखी करावी. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलगरी, सरे अशा ठिकाणी भारतीय मतदारांच्या पत्राला खासदार उत्तर देतात, हे आपल्याला व्हिसाच्या आणि विमानसेवेच्या प्रश्नांवरून चांगले ठाऊक आहे.

मराठी शाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की मोठ्या मुलांच्या वर्गात वर्षातून एखादा तास या विषयाला द्यावा, आणि तो शक्यतो इनुइट वक्त्यालाच रीतसर मानधन देऊन बोलावून घ्यावा, त्यांच्या वतीने आपण बोलू नये. विनिपेगकरांना कौमाजुक हे इनुइट कलेचे मोठे संग्रहालय शहरातच उपलब्ध आहे. आणि आपल्यापैकी जे शिक्षक, परिचारिका, अभियंते म्हणून उत्तरेत नोकरीला जातात, त्यांनी तिथली भाषा शिकूनच जावे; इकालुइतच्या पिरुर्विक संस्थेने तुसालांगा या संकेतस्थळावर इनुक्तुतचे धडे मोफत ठेवले आहेत. तिथे दोन वर्षे राहून चांगला पगार घेऊन परतणारे लोक त्या गावांनी खूप पाहिले आहेत. त्यांच्या मुलांशी त्यांच्या भाषेत चार वाक्ये बोलणारा माणूस त्यांना वेगळा वाटेल.

आपल्या मंडळाच्या येत्या कार्यकारिणी सभेत हा विषय घ्यावा. खासदारांना पाठवायच्या पत्राचा इंग्रजी मसुदा आणि सभेत मांडायच्या ठरावाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. ज्या मंडळांना तो हवा असेल त्यांना पाठवीन, आणि त्यात फेरबदल सुचवले तर आनंदाने करीन.

आपला,
ओटावातील एक मराठी नागरिक